मागचा पाय नेमका कुठे पडतो? एका फिश बोर्डवर ट्रॅक्शन पॅड बसवण्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या सर्फबोर्डचं. तो मूळचा कुडाळचा, नोकरीला पणजीत, आणि सुट्टी मिळाली की पहाटेच आश्वे नाहीतर मांद्र्याच्या किनाऱ्यावर. सर्फिंग तो सर्फ स्कूलच्या आठ फुटी सॉफ्टटॉप बोर्डवर, म्हणजे वरून मऊ असलेल्या शिकाऊ बोर्डवर शिकला. एप्रिलअखेर, हंगाम आटोपून मायदेशी निघालेल्या एका पाहुण्याकडून त्याने स्वतःचा पहिला बोर्ड विकत घेतला. ५ फूट १० इंच लांब, मधे साडेएकवीस इंच रुंद, दोन फिनचा फिश, म्हणजे माशासारख्या दुभागलेल्या शेपटीचा बोर्ड. फिन म्हणजे खालच्या बाजूचे कल्ले. आत ईपीएस फोम, म्हणजे आपला थर्माकोलच. वरून फायबरग्लास आणि इपॉक्सी. शेपटीवर काळा ट्रॅक्शन पॅड, म्हणजे मागच्या पायाखाली येणारी फोमची चिकटवलेली खाचांची गादी, आधीपासून होता, पण त्याचा मागचा एक कोपरा उचकटलेला आणि खाली वाळू गेलेली.

काही दिवस बोर्ड चालवून झाल्यावर त्याचा फोन आला. “दादा, मागचो पाय खंय ठेवूचो ताच समजना नाय.” बोर्ड वळत नाही, पाय सरकतो, आणि पॅड तसाही सुटत आलाय, तर नवा मागवतो, असं त्याचं म्हणणं. कोणता मागवायचा तेही ठरवून झालं होतं. मागे ३० मिलिमीटर उंच, जवळजवळ उभा किक, म्हणजे पॅडच्या मागच्या कडेचा उंचवटा. मधे चांगला जाड आर्च, म्हणजे मधोमधचा फुगवटा. स्पर्धांच्या व्हिडिओत दिसतो तसा.

मी त्याला थांबवलं. बोर्ड घेऊन ये म्हटलं, आणि येताना वरचा वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून लावतात ते मेण, अजिबात पुसू नकोस असं बजावलं.

वॅक्सवरच्या खुणा

पॅड म्हणजे पकड, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. पकड वॅक्सही देतो. आपल्याकडच्या पाण्यासाठी, म्हणजे २४ अंशांच्या वरच्या पाण्यासाठी, बनवलेला ट्रॉपिकल वॅक्स नीट लावला तर पाय सहसा सुटत नाही. पॅडचं मुख्य काम वेगळं आहे. लाट पकडून उभं राहताना नजर पुढे असते, खाली बघायला सवड नसते. त्या क्षणी मागच्या पावलाला आपण कुठे उतरलो हे न बघता कळलं पाहिजे. करंगळीकडची कड किकला टेकली की मागची हद्द कळते. आर्च तळव्याच्या खोलगट भागाखाली आला की बोर्डचा मध्य कळतो. खाचांचा खडबडीतपणा लागला की आपण पॅडवर आहोत एवढं तरी नक्की होतं. म्हणून पॅड निवडताना मी आधी पाय बघतो, मग फिन बघतो, आणि उरलेलं सगळं त्यानंतर.

पाय बघायचा म्हणजे वॅक्स बघायचा. ताज्या वॅक्सला बारीक उठावदार दाणे असतात. पाय जिथे पुन्हा पुन्हा पडतो तिथले दाणे चेपून गुळगुळीत होतात, त्यात वाळू रुतून जागा राखाडी दिसते. हा रेग्युलर, म्हणजे डावा पाय पुढे आणि उजवा मागे. त्याच्या उजव्या पायाची राखाडी खूण शेपटीच्या टोकापासून २१ इंचांवर होती. जुना पॅड संपत होता १८ इंचांवर. म्हणजे पाय पॅडवर पडतच नव्हता, चार बोटं पुढेच उतरत होता. पॅडच्या खाचा मात्र कोऱ्या करकरीत, फक्त पुढच्या काठाला थोडी झीज. किनाऱ्यावरून मित्राने फोनवर काढलेले व्हिडिओ पाहिले तर तेच दिसलं. उभा राहतो, पाय पुढे पडतो, मग तो दोन-तीन छोट्या पावलांनी मागे सरकायला बघतो, आणि तेवढ्यात लाट पुढे निघून जाते.

जुन्या बोर्डवर आणखी एक खूण शोधायची असते: टाचेच्या दाबाने डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या पृष्ठभागावर, पडलेले उथळ खळगे. पॉलियुरेथेनच्या बोर्डवर ते ठळक दिसतात, इपॉक्सीवर कमी. या बोर्डवर बोट फिरवलं तर पॅडच्या पुढच्या भागात आणि डाव्या काठाशी थोडे लागत होते. पण ते आधीच्या मालकाच्या पायाचे. जुना बोर्ड घेणाऱ्यांची इथे गल्लत होते. खळगे बघून तिथेच पॅड चिकटवला, तर तो दुसऱ्याच्या पायाच्या मापाने बसतो.

फिन मोजले तेव्हा

टेप घेऊन शेपटीच्या टोकांपासून मोजलं. मधली खाच साडेचार इंच खोल. लीश प्लग, म्हणजे पायाला बांधायची दोरी अडकवायची जागा, साडेसहा इंचांवर. दोन्ही फिनची मागची कड साडेसहा इंचांवर, पुढची साडेअकरावर. फिनच्या जागेपाशी शेपटीची रुंदी साडेसोळा इंच.

ही शेवटची संख्या फार महत्त्वाची आहे. फिश हा आकार १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोत स्टीव्ह लिस यांनी गुडघ्यांवर बसून चालवण्याच्या बोर्डसाठी काढला. गुडघे आणि पावलं मावावीत इतकी रुंद शेपटी त्यातूनच आली. मऊ, कमी जोराच्या लाटेत ही रुंदी वरदान ठरते, बोर्ड सपाट राहून पळतो. पेडणे तालुक्यातली, म्हणजे आश्वे-मांद्र्याची लाट अशीच, वाळूच्या तळाची आणि सौम्य, म्हणून मावसभावाने फिश घेतला हे उत्तमच केलं. पण बाजारात मिळणारे बहुतेक पॅड या शेपटीसाठी नसतात.

ते असतात थ्रस्टरसाठी, म्हणजे तीन फिनच्या बोर्डसाठी. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी १९८१ मध्ये तीन फिनच्या बोर्डवर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत शॉर्टबोर्ड म्हणजे तीन फिन असं समीकरण बसलं. तिसरा, मधला फिन शेपटीच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे मागचा पाय शेपटीवर जोरात रेटला तरी तो फिन पाण्याला धरून राहतो. उंच किक या रेटण्यासाठी असतो, त्याला पाय टेकवून ताकद लावता येते. दोन फिनच्या फिशला मधला फिनच नाही. शेपटीच्या टोकाशी पाय नेऊन तसाच जोर लावला तर शेपटी घसरते, आणि कमजोर लाटेत नुसती बुडून ब्रेक लागतो. या बोर्डवर पायाची जागा फिनच्या वर आणि किंचित पुढे, म्हणजे टोकापासून साधारण १० ते १५ इंचांत. त्याहून फार पुढे, म्हणजे आत्ता तो उभा राहत होता तिथे, उभं राहिलं तर रेलचा, म्हणजे बोर्डच्या बाजूच्या कडेचा, लांब पट्टा पाण्यात धरला जातो आणि बोर्ड सरळच जात राहतो. “वळत नाही” या तक्रारीचं मूळ इथे होतं.

“पाय सरकतो” हे दुसरं. जुना पॅड एकसंध, साडेअकरा इंच रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच नुसती गुळगुळीत इपॉक्सी, कारण पॅड आहे म्हटल्यावर तिथे कोणी वॅक्स लावत नाही. फिश वळवताना बोटं रेलच्या जवळ न्यावी लागतात. तो मागे सरकून कसाबसा पॅडवर आला की बोटं नेमकी त्या उघड्या पट्ट्यावर.

म्हणजे तो मागवायला निघाला होता तो पॅड त्याच्या दोन्ही तक्रारी वाढवणारा होता. उंच किकचं आमिष त्याला टोकाशी बोलावणार, आणि रुंदी पुन्हा अपुरीच.

आर्चचाही निकाल लागायचा होता. मी त्याला पाय ओला करून शहाबादी फरशीवर चालायला लावलं. ज्यांच्या तळव्याला कमान असते त्यांच्या ठशात मधला भाग कोरडा राहतो. याचा ठसा टाचेपासून बोटांपर्यंत भरलेला, सपाट तळवा. अशा पायाखाली जाड आर्च आला तर जागा सांगण्याऐवजी तो टोचतो, आणि माणूस नकळत पाय दुसरीकडे ठेवतो. आर्चची पट्टी स्ट्रिंगरच्या, म्हणजे बोर्डच्या मधोमधच्या लाकडी पट्टीच्या, रेषेत उभी असते आणि पाऊल तिच्यावर आडवं येतं, त्यामुळे तळव्याला तिच्यापासून सुटका नाही. ज्याला कमान आहे त्याला मी आर्च जरूर घ्या म्हणेन. याला नको.

निवड

तीन तुकड्यांचा पॅड घेतला. मधला तुकडा सपाट, किक २० मिलिमीटर आणि उताराचा, जाडी ५ मिलिमीटर, लांबी साडेबारा इंच, खाचा उथळ चौकोनी. तीन तुकड्यांचा फायदा हा की बाजूचे दोन तुकडे थोडं अंतर सोडून बाहेर नेता येतात. असा तो १४ इंचांपर्यंत पसरवता आला.

खोल, धारदार खाचांचे पॅड पकडीला जास्त असतात हे खरं. पण आपल्याकडे पाणी कोमट, पाय उघडे, बूट कोणी घालत नाही. तासभर खोल खाचांवर उभं राहिलं की सोललेली कातडी दुसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्यात झोंबते. शिवाय आपल्या किनाऱ्यांची बारीक वाळू त्या खाचांत जाऊन बसते.

पुढच्या पायाखालीही पॅड घेऊ का, हे त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. मे महिन्यात किनाऱ्याचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आणि बोर्ड वाळूवर उलटा न ठेवता सुलटा ठेवला की वॅक्स वितळून ओघळतो. पुढचा पॅड हा त्यावरचा खरा उपाय आहे. पण त्याच पॅडवर छाती-बरगड्या टेकवून हात मारत जायचं असतं, आणि लायक्राचा टी-शर्ट घातला तरी घासतंच. शिवाय तो अजून पुढचा पाय दर वेळी वेगळ्या जागी टाकतो. ज्याची जागा ठरलेली नाही त्याच्यासाठी कायमची खूण चिकटवण्यात अर्थ नाही. वॅक्स खरवडून पुन्हा लावता येतो. पुढे वॅक्सच ठेवायचं ठरलं.

फिशवर पॅड लावूच नये, सगळं वॅक्सवर चालवावं, असं मानणारे जुनेजाणते पुष्कळ आहेत. पाय मोकळेपणी पुढेमागे फिरला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याचा पाय आपोआप योग्य जागी पडतो त्याला पॅडची गरज नाही. ह्याची तक्रारच पाय कुठे ठेवायचा ही होती.

जुना पॅड काढताना

इथे प्रकरणाने वेगळं वळण घेतलं.

त्याला ओळखीच्या एकाने सांगितलं होतं की पॅड ओढून काढ आणि गोंद थिनरने पुसून टाक. ईपीएसच्या बोर्डवर हा सल्ला घातक आहे. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल हे तिन्ही थर्माकोल विरघळवतात. वरची इपॉक्सी अखंड असेल तर झटकन पुसलेला थिनर फारसं बिघडवत नाही. पण पॅडखाली काय झाकलं गेलंय हे पॅड निघेपर्यंत कोणालाच माहीत नसतं, आणि एखादी बारीक चीर असली तर तिच्यातून आत गेलेला थिनर फोममध्ये पोकळी करतो.

आम्ही हेअर ड्रायरने पॅड गरम केला, हाताला सोसेल इतकाच. हीट गन वापरायची नाही, ऐंशी अंशांच्या आसपास ईपीएस खचायला लागतो. गोंद मऊ झाल्यावर उचकटलेल्या कोपऱ्यातून तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घातला, दोन टोकं दोन हातांत, आणि करवतीसारखा पुढेमागे ओढत पुढे गेलो. मासेमारीचा जाडसर तंगूस यासाठी उत्तम, पॅडखाली सरकतो आणि बोर्डला ओरखडा काढत नाही. अडेल तिथे जुनं एटीएम कार्ड. लोखंडी पत्रा किंवा सुरी अजिबात नाही.

पॅड निघाला आणि लीश प्लगच्या पुढे एक सरळ, केसासारखी बारीक रेघ दिसली, दोनेक इंच लांब. सरळ रेघ म्हणजे ठेच लागून पडलेली चीर नव्हे, ती फाटे फुटलेली असते. ही ब्लेडची होती. आधी कोणीतरी पॅड बोर्डवर चिकटवल्यानंतर, प्लगच्या आड येतो म्हणून, तिथेच ब्लेडने कापला होता. ब्लेड पॅडच्या फोममधून जाऊन बोर्डच्या काचेच्या थरात उतरला. रेघेच्या दोन्ही बाजूंना डेकचा रंग पिवळट. अंगठ्याने दाबलं तर एक थेंब वर आला. चाखून पाहिला, खारट.

बोर्ड लटकवायच्या काट्यावर तोलला तर ३ किलो १०० ग्रॅम. याच मापाचा कोरडा ईपीएस फिश इतका भरायला नको होता.

त्याचा चेहरा उतरला. मे महिना, नैऋत्येचा स्वेल, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटा, यायला लागलेला, लाटेला अंग आलेलं, आणि जूनपासून समुद्र खवळून गोव्याचा किनारा बंदच होणार. वरून टेप लावून, पॅड चिकटवून महिनाभर चालवू का, असं त्याने दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. ओल्या फोमवर चीर बंद केली की पाणी आत कोंडतं, उन्हात त्याची वाफ होते, आणि काचेचा थर फोमपासून सुटायला लागतो. मग पॅडचा विषय संपतो, बोर्डचाच सुरू होतो. तो मे महिना त्याने उसन्या सॉफ्टटॉपवर काढला. नाराज होता, पण ऐकलं.

चीर थोडी रुंद करून, शेपटी खाली येईल असा बोर्ड सावलीत, पंख्यासमोर उभा ठेवला. उन्हात नाही. रोज तोलत राहिलो. वजन आधी भराभर उतरलं, मग हळूहळू, आणि २ किलो ८०० ग्रॅमच्या खाली जाईना तेव्हा कोरडा झाला असं धरलं. दोन आठवड्यांहून जास्त गेले. मग कड पॉलिश पेपरने घासून, इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या दोन थरांचं ठिगळ लावलं. बोर्ड दुरुस्तीच्या डब्यात बऱ्याचदा पॉलिएस्टर रेझिन मिळतं. ते ईपीएसवर चालत नाही, त्यातलं स्टायरीन फोम खातं. ईपीएसला इपॉक्सीच.

बसवणं

ठिगळ सुकून घासून होईपर्यंत पाऊस लागला. पॅडचा गोंद दाबाने धरणारा असतो, त्याला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग आणि २० ते ४० अंशांच्या दरम्यानचं तापमान लागतं. जूनच्या कोकणात कोरडं काहीच नसतं. हवेतला दमटपणा डेकवर न दिसणारा पापुद्रा करतो आणि गोंद त्या पापुद्र्यालाच चिकटतो. पॅड कोपऱ्यातून सुटण्याचं हे आपल्या किनाऱ्यावरचं नेहमीचं कारण आहे.

उपाय एसीच्या खोलीचा केला, पण एका अटीवर. बोर्ड आणि पॅड दोन्ही आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत, एसी २६ वर, दार बंद. गार खोलीत ठेवलेला बोर्ड काम करायला बाहेर पडवीत आणला असता तर त्याला लगेच घाम सुटला असता. काम खोलीतच करायचं आणि चिकटल्यावरही बोर्ड तिथेच राहू द्यायचा.

सफाई तीन टप्प्यांत केली. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळा केला. बाजारू सल्ला रॉकेलचा असतो, पण रॉकेल मागे तेलकट थर ठेवतं. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसती चमक घालवली, जास्त घासलं नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन, फडकं दर वेळी बदलत. त्याच्याकडे हँड सॅनिटायझर होता, तो चालेल का म्हणाला. चालत नाही. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते डेकवर राहतं. शुद्ध आयसोप्रोपिल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं.

जागा ठरवण्याआधी आम्ही एक काम केलं होतं, बोर्ड सुकत होता त्या दिवसांत. जुन्या सतरंजीवर खडूने बोर्डची पूर्ण आकृती काढली, फिनची जागा रंगवली, आणि त्याला तिच्यावर पालथं झोपवून डोळे मिटून उभं राहायला लावलं. दर वेळी उजव्या पायाभोवती खडूची खूण. पहिल्या दिवशी पाय वीस-एकवीस इंचांवरच पडत होता. आठ फुटी बोर्डवर शिकलेल्या माणसाचा तो पडणारच, तिथे शेपटी खूप लांब असते. त्याने रोज सराव केला, आणि महिनाअखेर खुणा पंधरा-सोळाच्या आसपास गोळा व्हायला लागल्या.

म्हणून पॅड ना जुन्या जागी लावला, ना त्याचा पाय पूर्वी पडायचा तिथपर्यंत पुढे नेला. किक साडेसात इंचांवर, लीश प्लगच्या लगेच पुढे. पुढचा काठ २० इंचांवर. पाय सवयीने थोडा पुढे पडला तरी बोटांना पॅड लागेल, आणि मागे सरकताना किक लागेल तिथे तो फिनच्या वरच असेल. पॅड आणखी तीन-चार इंच पुढे घेतला असता तर त्याला पहिल्याच दिवशी बरं वाटलं असतं, पण बोर्ड तसाच सरळ जात राहिला असता.

या बोर्डला स्ट्रिंगर नाही, म्हणजे मधे लाकडाची रेघ नाही जिच्यावर नेम धरावा. दोन्ही रेलपासून तीन ठिकाणी मोजून पेन्सिलने मध्यरेषा आखली. तीनही तुकडे कागद न सोलता मांडले, मास्किंग टेपने धरले, लांब जाऊन बघितलं, सरळ असल्याची खात्री केली आणि कडेने बारीक पेन्सिल फिरवली. बाजूचे तुकडे रेलच्या गोलाईच्या इंचभर अलीकडे थांबवले. गोलाईवर गेलेली कड सतत वर उठायला बघते, आणि बोर्ड काखेत धरताना तीच आधी घासते.

आधी मधला तुकडा. मागचा कागद फक्त तीन बोटं सोलला, तेवढी पट्टी रेघेला लावून दाबली, मग उरलेला कागद खालून हळूहळू ओढत पॅड पुढे पुढे बसवत नेला. इथे एक मोह होतो. तुकडा रेघेपासून दोन मिलिमीटर सरकलेला दिसला की माणूस ताणून तो जागेवर आणतो. पॅडचा ईव्हीए फोम ताणला जातो, चिकटतो, आणि मग काही दिवसांत मूळ मापाला परत जायला बघतो. कोपरे उठतात ते यामुळे. दोन मिलिमीटर तिरपा राहिला तर राहू द्यावा.

दाबायला स्वयंपाकघरातलं लाटणं घेतलं, वर सुती फडकं गुंडाळून, मधून कडेकडे. किकवर लाटणं चालत नाही, तिथे तळहाताचा मनगटाकडचा भाग अंगाचा भार देऊन. सगळ्या कडा अंगठ्यांनी पुन्हा एकदा. कड बसली की नाही हे डोळ्यांपेक्षा नखाला कळतं. नख कडेखाली शिरत असेल तर तिथे गोंद धरलेला नाही.

अशा गोंदाला पहिले चोवीस तास पाणी दाखवू नये हे पॅडच्या पाकिटावर लिहिलेलंच असतं. पूर्ण पकड यायला साधारण तीन दिवस लागतात, आणि आम्हाला घाई नव्हती, समुद्र बंदच होता.

पाण्यात

पश्चिम किनारा पावसाळ्यात बंद असतो तेव्हा पूर्व किनाऱ्यावर दक्षिणेचा स्वेल येतो आणि तिथला हंगाम चांगला चालतो. ऑगस्टमध्ये तो चेन्नईच्या दक्षिणेला कोवलमला जाऊन आला. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर दक्षिणेचा स्वेल आला की लाटा बहुतेक उजवीकडे उलगडतात, म्हणजे रेग्युलर माणसाला लाटेकडे तोंड करून चालवता येतं. नव्या पॅडला यापेक्षा चांगली परीक्षा नाही, कारण वळताना सगळा भार बोटांकडे, बाहेरच्या तुकड्यावर येतो.

त्याने पाठवलेले व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले. पाय पहिल्याच झटक्यात पॅडवर पडतो. मागे सरकण्याची ती छोटी पावलं बहुतेक वेळा नाहीत. बॉटम टर्नला, म्हणजे लाटेच्या पायथ्याशी वळताना, बोर्ड रेलवर झुकतो आणि वर चढतो, अजून जरा उशिराच, पण चढतो. थकल्यावर, सत्राच्या शेवटी, पाय पुन्हा पुढे पडायला लागतो, आणि तेव्हा पुढचा काठ २० इंचांपर्यंत आणल्याचा उपयोग दिसतो. बोटं पॅडवर असतात, सुटत नाहीत.

एक गोष्ट बिनसली. डाव्या बाजूच्या तुकड्याचा मागचा कोपरा परत येईपर्यंत नखभर उठला होता. ठिगळाची कड तिथेच येते, आणि घासल्यावरही तिथे कागदाच्या जाडीइतका उंचवटा राहिला होता. उठलेला भाग गोड्या पाण्याने धुतला, वाळू जुन्या टूथब्रशने काढली, पूर्ण सुकवला, आयसोप्रोपिलने पुसला, आणि खाली निओप्रीनच्या काँटॅक्ट ॲडेसिव्हचा पातळ हात देऊन दाबला. वर पुस्तकांचा गठ्ठा, रात्रभर. असा कोपरा दिसताच धरला तर किरकोळ काम असतं. तसाच पाण्यात नेत राहिलं की वाळू आत जाते, आणि वाळू गेलेला गोंद परत धरत नाही.

आता बोर्ड कव्हरमध्ये, सावलीत असतो. बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, ते गोंदासाठी जितकं तितकंच ईपीएससाठी. ऑक्टोबरात मांद्र्याला पुन्हा सुरुवात झाल्यावर तो वॅक्सचे फोटो पाठवू लागला आहे, न सांगता. पुढच्या पायाची राखाडी खूण अजून वीतभर पसरलेली आहे. ती आखडत आली की पुढच्या पायाच्या पॅडचा विचार करू, तोवर त्याला वॅक्स आणि खरवडणी पुरे.